आंबटभाजीच्या शेपटीतला दोन

आमच्या लोकांत लिंक वाचतात. लिंकवर बोट ठेवून आत जातात की नाही, ते देव जाणे. पण ती निळी ओळ मात्र चष्मा पुसून अक्षर न्‌ अक्षर वाचतात. चेन्नईतल्या माझ्या मावसभावाला हे अजून पटत नाही. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. "अक्का, जगात कोणी लिंक वाचत नाही," असं तो मला छातीठोकपणे सांगत होता, आणि त्याच सकाळी माझ्या आत्यानं लिंक वाचून माझ्याशी भांडण काढलं होतं.

तिचा फोन तिरुवैयारूहून आला. हॅलो नाही, जेवलीस का नाही.

"दोन म्हणजे काय गे?"

"कुठलं दोन?"

"माझ्या आंबटभाजीच्या शेपटीला लावलंयस ते. तुझ्या सासूच्या आंबटभाजीला शेपूट नाही. मी दोन्ही ओळी शेजारी ठेवून बघितल्या."

मी फोन कानाशी धरून लॅपटॉप उघडला. खरंच की! सासूबाईंच्या पानाचा पत्ता padarth/ambat-bhaji असा सुटसुटीत, आणि आत्याच्या पानाचा padarth/ambat-bhaji-2. मी जन्मात त्या आकड्याकडे पाहिलं नव्हतं.

"आत्या, ते मी नाही केलं. ते यंत्र आपोआप करतं. एका नावाची दोन पानं झाली की दुसऱ्याला आकडा लावतं."

"होय कां? आणि दुसरी मीच कां?"

उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. साइट तयार झाली तेव्हा पहिला पदार्थ मी घरच्या घरी करून पाहिला. घर म्हणजे सासर, आणि म्हणून सासूबाईंची आंबटभाजी आधी चढली. कोणीही असंच केलं असतं. पण आत्याला हे सांगणं म्हणजे जळत्या चुलीत तूप ओतणं.

ही साइट काय, ते आधी सांगते. मी तंजावुरात मुलींच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते. राजवाड्यामागच्या गल्ल्यांत आणि आजूबाजूच्या गावांत आमची मराठी घरं आहेत. आम्ही घरात मराठी बोलतो, दाराबाहेर तमिळ, आणि भांडताना दोन्ही. आमच्या मुलांना सगळं कळतं, पण तोंडातून शब्द फुटत नाही. म्हणून मी ठरवलं की म्हाताऱ्या बायकांकडून पदार्थ सांगून घ्यायचे, त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच बोलण्यात. चिंच किती, कीरै म्हणजे पालेभाजी कशी चिरायची, मध्येच सुनेला शिव्या, सगळं तसंच ठेवायचं. खाली मी देवनागरीत थोडं लिहीत असे. मला ती लिपी येते ती लहानपणी दिलेल्या हिंदीच्या परीक्षांमुळे. आमच्यात बाकीच्यांना ती ओ की ठो कळत नाही. म्हणजे बघा, पान उघडलं की आमचे लोक ऐकणार, आणि वाचणार काय, तर व्हॉट्सॅपवर आलेली ती इंग्रजी अक्षरांतली ओळ. तेवढीच त्यांना वाचता येते. मावसभावाच्या डोक्यात हे शिरेना.

सुरुवातीला मी मोठ्या हौसेनं लिंकसुद्धा देवनागरीत ठेवली होती. व्हॉट्सॅपवर टाकल्याबरोबर तिचं टक्क्यांच्या चिन्हांचं एक लांबलचक गांडूळ झालं, आणि गल्लीतल्या एका काकांनी सगळ्यांना कळवलं की हे व्हायरस आहे, कोणी हात लावू नका. तेव्हापासून इंग्रजी अक्षरं.

मी ज्यावर साइट बांधली त्यात मुळात दोनच प्रकार मिळतात, लेख आणि पान. माझा तिसरा प्रकार मी स्वतः घडवला, 'पदार्थ'. त्याला घर, ऋतू, आवाज असे रकाने दिले. फार मिरवले होते मी त्यावर. पत्ता कसा बनेल याचा मात्र विचारच केला नाही. जसा आला तसा घेतला.

"ऐक," आत्या फोनवर म्हणाली, आणि तिचा आवाज खाली आला. तो खाली आला की मला भीती वाटते. "तुझ्या लग्नात मला दुसऱ्या पंगतीत बसवलं. आठवतं?"

आठवतं. माझी आई मी लहान असतानाच गेली. बाबांच्या या बहिणीनं मला तिरुवैयारूच्या घरी नेलं, न्हाऊ घातलं, कावेरीत पोहायला शिकवलं, मला बोलायला लावलं. लग्नात मुलीच्या आईचं पान पहिल्या पंगतीत मांडतात. आई नाही म्हटल्यावर ते पान कोणाचं, असं कोणीतरी विचारलं, आणि आत्या ही काही आई नव्हे, असं सासरच्या वडीलधाऱ्यांत ठरलं. आत्या दुसऱ्या पंगतीत बसली, जेवली, पायसम फार चांगलं झालंय असंही म्हणाली.

"तेव्हा तुझ्यासाठी गिळलं," ती म्हणाली. "आता त्याच घरानं माझ्या भाजीला दोन लावलं आणि तुझ्या हातानं लावलं. सोमवारी मी बंगळूरला जाते. जायच्या आधी माझा आवाज तिथून काढ. एकूण एक काढ. इथं मागे माझं काही नको."

गुडघ्यांनी दगा दिल्यावर तिच्या मुलानं तिला कायमचं बंगळूरला न्यायचं ठरवलं होतं. तिरुवैयारूचं घर भाड्यानं जाणार होतं. साइटवरचा निम्मा आवाज तिचा होता. आडी या तमिळ महिन्यात नदीकाठी न्यायचे भात, डांगर पचडी, लोणची, आणि मधूनमधून कावेरीला पाणी कसं यायचं त्याच्या गोष्टी. तो आवाज पुसायचा म्हणजे माझ्याच हातानं आईला पुन्हा पोचवण्यासारखं होतं. मी रडले. स्वयंपाकघरात, नळ सोडून.

"रविवारी येते," मी म्हटलं. "तुझ्यासमोर काढते."

रविवारपर्यंत तो दोन जायला हवा होता, एवढंच मला कळत होतं.

पहिला उपाय कोणालाही सुचेल तोच केला. पत्त्यातला दोन पुसला आणि बदल जतन केला. दोन परत आला. पुन्हा पुसला. पुन्हा आला, निर्लज्जासारखा. मावसभावाला फोन लावला तर तो म्हणतो, "आत्याला पहिलं कर, सासूला दोन दे."

"तू इथे ये आणि तूच माझ्या सासूला दोन दे," मी म्हटलं. "मी तुझा फोटो भिंतीवर लावते."

मग मी आत्याच्या पत्त्याच्या शेवटी तिच्या घराचं नाव जोडलं. तिच्या अंगणात चिंचेचं झाड आहे, म्हणून सगळे त्या घराला चिंचेचं घर म्हणतात. ambat-bhaji-chinch. दोन गेला! मी हुश्श केलं आणि लिंक आमच्या व्हॉट्सॅपच्या गटावर टाकली. अर्ध्या तासात सासूबाई माझ्यापुढे उभ्या. मी त्यांना अम्मा म्हणते. त्यांच्या हातात फोन.

"त्यांच्या घराला नाव आहे," अम्मा म्हणाल्या. "माझं घर काय धर्मशाळा आहे?"

"अम्मा, तुमचं नुसतं आंबटभाजी आहे. म्हणजे तुमचीच मूळ."

"नुसती आंबटभाजी कधी असते का? कोणाकडची, ते आधी सांगायला नको? उद्या कोणीही येऊन म्हणेल माझी!"

त्या रागानं पदर खोचून आत गेल्या, आणि मी तशीच बसून राहिले. कारण त्या खरं बोलल्या होत्या. आमच्यात पदार्थाचं नाव कोणी एकटं घेतच नाही. आधी घर, मग पदार्थ. विहिरीकडची आंबटभाजी, चिंचेकडची आंबटभाजी. अम्मांचं घर विहिरीचं. विहिरीकडे फोडणीत मेथ्या पडतात, चिंचेकडे मेथ्या भाजून कुटून घालतात, आणि यावरून लग्नं मोडायची वेळ आलेली मी पाहिली आहे. अख्खं गाव ज्या रीतीनं बोलतं ती रीत सोडून मी सगळ्या बायकांना 'पदार्थ' नावाच्या एका मांडवात कोंबलं होतं. मग तिथे पुढेमागे होणारच! एका मांडवात पहिलं पान एकच असतं. त्यापेक्षा ज्याच्या त्याच्या घरात पान मांडावं. तिथे जो तो पहिला.

शनिवारी दुपारी शाळेतून आले, पंख्याखाली बसले आणि कामाला लागले. माझ्या प्रकाराच्या व्याख्येत एक ओळ असते: या प्रकारातली पानं एकमेकांच्या पोटात बसू शकतात की नाही. मी ती 'नाही' ठेवली होती. 'हो' केली. प्रकाराचं नाव पत्त्यात 'पदार्थ' ऐवजी 'घर' केलं. मग विहिरीचं घर असं एक पान केलं, चिंचेचं घर असं दुसरं, आणि प्रत्येक पदार्थ उचलून आपापल्या घराच्या पोटात ठेवला. नियम असा, की एकाच घरात एका नावाची दोन पानं चालत नाहीत, पण वेगवेगळ्या घरांत खुशाल चालतात. आत्याच्या पानावर गेले. घर, चिंच, आंबटभाजी, आणि शेवटी मी आधी जोडलेलं शेपूट. ते पुसलं. नुसतं ambat-bhaji ठेवलं. बटण दाबलं आणि डोळे मिटले.

उघडले. दोन नव्हता.

ghar/chinch/ambat-bhaji. आणि शेजारी ghar/vihir/ambat-bhaji. दोन्ही शेंडीपासून टाचेपर्यंत सारख्या, कोणाला शेपूट नाही. मी अशी ओरडले की अम्मा डाव घेऊन धावत आल्या.

"काय झालं? विंचू?"

"गेला, अम्मा! दोन गेला!"

मी लिंकवर बोट ठेवलं. पान सापडलं नाही, असं आलं. दुसरी उघडली, पान सापडलं नाही. आत्याची, अम्मांची, सगळ्यांची. एकही पान उघडेना. आत्याचा आवाज मी रविवारी काढणार होते, तो शनिवारीच घालवला की काय! आणि त्याच क्षणी गल्लीतली वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती. मी अम्मांच्या देवांना, माझ्या देवांना आणि वीज मंडळाला एकाच दमात काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

वीज येईपर्यंत फोनवर शोधत बसले. इतकं सोपं निघालं, की हसावं की रडावं कळेना. पत्त्यांचे रस्ते ते यंत्र एकदा पाठ करून ठेवतं. मी घरं हलवली, पण त्याच्या डोक्यात जुनेच रस्ते. नवे शिकवायला काय करायचं? पत्त्यांच्या सेटिंगच्या पानावर जायचं, काहीही बदलायचं नाही, आणि खालचं जतन करायचं बटण दाबायचं. बस्स. पंखा फिरायला लागल्याबरोबर मी ते दाबलं. लिंक उघडली. पंख्याच्या घरघरीतून आत्याचा आवाज आला, "कीरै तीन पाण्यांतून काढ, नाहीतर दाताखाली वाळू लागेल." मला इतकं बरं वाटलं की मी अम्मांना मिठी मारली. त्यांना हे असलं आवडत नाही. डाव अजून त्यांच्या हातात होता.

संध्याकाळी एक काम आणखी केलं. जुन्या लिंका लोकांच्या फोनमध्ये पडून होत्या. त्या मोडून चालणार नव्हत्या. म्हणून प्रत्येक जुन्या पत्त्यावर मी एक पाटी लावली, इथे आलात तर तिकडे जा. दोनवाल्या पत्त्यावर सगळ्यांत आधी.

रविवारी सकाळी मी निघाले तर अम्मा चप्पल घालून दारात. हातात स्टीलचा डबा.

"तुम्ही कुठे?"

"विहीणबाई जातायत. निरोप द्यायला नको?"

बसमध्ये त्यांनी डबा मांडीवर घट्ट धरला होता आणि सगळा वेळ खिडकीबाहेरच्या भातशेतांकडे बघत होत्या.

आत्यानं आमचं स्वागत रीतीनं केलं. यावं, बसावं, पाणी. इतकं रीतीनं, की थंडी वाजावी. घरात गाठोडी बांधलेली, भिंतीवरून फोटो उतरवलेले. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "काढ. मी बघते."

"काढते. आधी तुझा फोन दे. ती दोनवाली लिंक आहे ना तुझ्याकडे?"

"आहे. ती मी मरेपर्यंत ठेवणार."

"दाब तिला."

तिनं दाबली. चष्मा पुसला आणि वरची ओळ वाचायला घेतली. तिच्या डोळ्यांसमोर ती ओळ बदलली. दोन गेला, आणि त्याच्या जागी दुसरंच काही आलं. आत्या पुढे वाकली. बसच्या पाट्या वाचते तशी, एकेक अक्षर बोटानं धरून, तिनं वाचलं. जी, एच, ए, आर. सी, एच, आय, एन, सी, एच. मग ते अख्खं म्हणाली, "घर. चिंच." अंगणातल्या झाडाकडे एकदा बघितलं. परत फोनकडे.

"आणि यांचं?"

अम्मांनी आपला फोन पुढे केला. आत्यानं दोन्ही शेजारी ठेवले, मागे ठेवले होते तसेच. खूप वेळ बघितलं. कोणीही पुढे नव्हतं, कोणीही मागे नव्हतं. तेवढ्यात तिच्या फोनमधून तिचाच आवाज सुरू झाला. आम्ही तिघींनी तो शेवटपर्यंत ऐकला. कोणी उठलं नाही.

तो संपल्यावर आत्या म्हणाली, "चिंचेचं पाणी मी जास्त सांगितलंय. पुन्हा घे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "पुन्हा घे म्हणजे? काढायचं नाही?"

"काढायचं काय त्यात! चुकलंय ते नीट नको करायला? उद्या लोक म्हणतील चिंचेकडच्यांना अंदाज नाही." आणि मग अगदी हळू, माझ्या गालावरून हात फिरवत, "गाढव पोरगी. केवढा वेळ घालवलास एका आकड्यापायी."

मी जिंकले होते. सरळ सांगते, त्या क्षणी मला कोणी राज्य दिलं असतं तर मी नको म्हटलं असतं.

दुपारी जेवायची वेळ झाली. आत्यानं परसातून केळीची पानं आणली, तीन मांडली, आणि विहीणबाई म्हणून पहिल्या पानाशी अम्मांसाठी पाट सरकवला. अम्मा बसल्या नाहीत. त्यांनी आपला डबा उघडला, डाव घेतला आणि आत्याला म्हणाल्या, "तुम्ही बसा तिथे. मी वाढते."

"अय्यो, असं कुठे असतं? तुम्ही मुलाकडच्या."

"मुलीची आई पहिल्या पानावर बसते," अम्मा म्हणाल्या. "तेव्हा मी तोंड उघडलं नाही. माझ्या मनातून गेलेलं नाही ते. बसा."

आत्यानं पदर सारखा केला. मग पाटावर बसली. अम्मांनी वाकून तिच्या पानात आधी मीठ, मग भात, मग विहिरीकडची आंबटभाजी वाढली. आत्यानं एक घास घेतला. माझा फोन तिथेच पाटाशेजारी होता, आणि नव्यानं घ्यायचं म्हणून मी त्यावर रेकॉर्डिंग केव्हाच चालू करून ठेवलं होतं.

"मेथ्या जास्त झाल्यात," आत्या म्हणाली.

"मेथ्या तेवढ्याच लागतात," अम्मा म्हणाल्या.

"वाढा अजून थोडी."

ते सगळं त्यात आलं आहे. भांड्यांचा आवाज, मेथ्यांवरून झालेला वाद, मग दोघी हसल्या ते, आणि मध्येच माझं नाक ओढणं. संध्याकाळी निघताना मी विचारलं, हे पान मी कोणाच्या घरात घालू? एका पानाला एकच घर देता येतं.

"विहिरीच्या घाल," आत्या म्हणाली. "भाजी त्यांची."

"चिंचेच्या," अम्मा म्हणाल्या. "पंगत इथली."

यावरून बसस्टॉपपर्यंत भांडल्या दोघी. शेवटी मी चिंचेच्या घरात घातलं. सोमवारी आत्या गेली. त्या घरात आता भाडेकरू राहतात, चांगले लोक आहेत, झाडाला पाणी घालतात. आणि बंगळूरच्या त्या उंच इमारतीत कोणी आत्याला विचारलं की तुम्ही कुठल्या, तर ती फोन काढते, निळी ओळ दाखवते आणि त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घेते.